परवडणारे गाव कसे शोधावे : मुंबई-पुण्याबाहेर स्थायिक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

मुंबई, ठाणे किंवा पुण्यात निवृत्तिवेतनावर अथवा मध्यम पगारावर घर चालवणाऱ्या अनेक कुटुंबांपुढे कधी ना कधी हा प्रश्न येतो, की हाच पैसा दुसऱ्या एखाद्या गावात अधिक पुरेल का. बहुतेक वेळा तो पुरतो. मात्र कोणत्या गावात, किती आणि काय सोडून, हे ओळखीच्या चार माणसांच्या सांगण्यावरून ठरवणे धोक्याचे असते, कारण प्रत्येकाचे उत्पन्न, वय, मुलांचे शिक्षण आणि दुखणीखुपणी वेगळी असतात. या लेखात भारतासारख्या मोठ्या देशात आपल्याला परवडेल असा भाग शोधण्याची एक पद्धत सांगितली आहे. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातली आणि मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या शेजारच्या राज्यांतली आहेत.

या पद्धतीचा पाया एकच आहे. एखाद्या गावात घरभाडे कमी असेल, तर त्याला काही तरी कारण असते. तिथे रोजगार थोडा असतो, पाणी आठवड्यातून एकदा येते, मोठे रुग्णालय शंभर किलोमीटरवर असते किंवा उन्हाळा सोसवत नाही. ते कारण शोधून काढावे आणि ते आपल्या घराला लागू पडते का, हे तपासावे. रोजगाराची टंचाई निवृत्त माणसाला जाणवत नाही, त्यामुळे असे गाव त्याच्यासाठी खरोखर स्वस्त असते. तेच गाव तिशीतल्या जोडप्याला महाग पडते, कारण दोघांपैकी एकाचे उत्पन्न तिथे बंद होते.

आधी स्वतःचा खर्च

गावांची यादी करण्यापूर्वी मागच्या बारा महिन्यांचे बँक खात्याचे उतारे समोर घ्यावेत आणि प्रत्येक खर्च गाव बदलल्यावर कमी होईल, तसाच राहील की वाढेल, हे त्याच्यापुढे लिहावे. बहुतेक लोकांना या टप्प्यावर आश्चर्य वाटते, कारण गावानुसार बदलणारे खर्च समजुतीपेक्षा कमी निघतात. घरभाडे, घरकामाच्या बाईंचा पगार, भाजी, दूध, रिक्षा, शाळेची फी आणि सोसायटीचा देखभाल खर्च हे गावागणिक बदलतात. औषधे, मोबाइल, इंटरनेट, विम्याचे हप्ते, कर्जाचे हप्ते, ऑनलाइन मागवलेले कपडे आणि उपकरणे यांची किंमत मात्र मुंबईत आणि परभणीत जवळपास सारखीच असते. ज्या घराचा निम्मा खर्च या दुसऱ्या प्रकारात मोडतो, त्या घराला गाव बदलून होणारी बचत मर्यादितच राहते.

तिसरा प्रकार हमखास नजरेतून सुटतो, तो म्हणजे अंतरामुळे नव्याने उभे राहणारे खर्च. नातेवाइकांच्या कार्यांसाठी आणि जुन्या डॉक्टरांकडे जाण्यासाठी होणारा प्रवास, बससेवा नसल्यामुळे घ्यावी लागणारी दुसरी दुचाकी, इन्व्हर्टर, पाण्याची जास्तीची टाकी, मुलाला शिकण्यासाठी दुसऱ्या शहरात ठेवावे लागल्यास त्याच्या वसतिगृहाचा खर्च, हे सारे त्यात येते. उदाहरणादाखल असे धरू, की एक कुटुंब पुण्यात २८,००० रुपये भाडे भरते आणि कोल्हापुरात तशाच घरासाठी त्याला १४,००० रुपये द्यावे लागतील. कागदावर महिन्याला १४,००० रुपये वाचले. पण पुण्याला महिन्यातून दोनदा यावे लागणार असेल आणि दुसरी गाडी घ्यावी लागणार असेल, तर त्यातले पाच-सहा हजार तिथेच जातात. सामान हलवणे, दलाली, नवी अनामत रक्कम आणि शाळाप्रवेश यांचा एकदाच होणारा खर्च दीड लाख रुपये धरला आणि तो दोन वर्षांवर वाटला, तर महिन्याला आणखी सव्वासहा हजार कमी होतात. म्हणजे पहिली दोन वर्षे हाती उरतात ते दोन-तीन हजार रुपये. खरी बचत तिसऱ्या वर्षापासून सुरू होते. ज्यांना वर्ष-दीड वर्षातच परतावे लागण्याची शक्यता आहे, त्यांनी ही आकडेमोड केल्यावाचून सामान बांधू नये.

उत्पन्नाची बाजूही याच कागदावर मांडावी. निवृत्तिवेतन, भाड्याचे उत्पन्न किंवा घरून करता येणारे काम असेल, तर उत्पन्न आपल्याबरोबर येते. स्थानिक नोकरीवर अवलंबून राहायचे असेल, तर भाड्याबरोबर पगारही घटतो. महाराष्ट्रात किमान वेतनाचे दरही अनेक उद्योगांसाठी परिमंडळांनुसार वेगवेगळे ठरवलेले असतात आणि लहान गावांच्या परिमंडळात ते कमी असतात. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्तासुद्धा गावाच्या वर्गावर ठरतो. त्याविषयी पुढे सांगितले आहे.

सरकारी आकडे कोणते पाहावेत आणि कसे

महागाईचा निर्देशांक पाहून गावांची तुलना करणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. ग्राहक किंमत निर्देशांक एकाच ठिकाणच्या किमती काळानुसार किती वाढल्या, एवढेच सांगतो. केंद्राच्या श्रम ब्युरोचा औद्योगिक कामगारांसाठीचा निर्देशांक देशातल्या ८८ केंद्रांसाठी काढला जातो आणि प्रत्येक केंद्रासाठी २०१६ हे वर्ष १०० धरले जाते. त्यामुळे सोलापूरचा आकडा मुंबईपेक्षा मोठा दिसला, तर त्याचा अर्थ सोलापुरातील किमती २०१६ नंतर अधिक वेगाने वाढल्या एवढाच होतो; सोलापूर मुंबईपेक्षा महाग आहे असा होत नाही.

दुसरा फसवा आकडा दरडोई खर्चाचा. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार देशात दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात सरासरी ४,१२२ रुपये, तर शहरी भागात ६,९९६ रुपये होता. राज्यांमध्ये सिक्कीम सर्वांत वर आणि छत्तीसगड सर्वांत खाली होते. पण छत्तीसगडमधील कुटुंबे कमी खर्च करतात याचे मोठे कारण त्यांचे उत्पन्न कमी आहे, हे आहे. पुण्याहून रायपूरला गेलेले कुटुंब आपल्या सवयी बरोबर घेऊन जाते आणि त्याच सवयींना तिथे किती पैसे लागतात, हे या सरासरीतून कळत नाही. या सर्वेक्षणाचा खरा उपयोग वेगळा आहे. शहरी कुटुंबाच्या खर्चात अन्नपदार्थांचा वाटा सुमारे ४० टक्के आणि ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात सुमारे ४७ टक्के आढळला, म्हणून भाडे कितीही डोळ्यांत भरत असले, तरी किराणा आणि भाजीपाल्याची तुलना टाळता येत नाही. केंद्राचा ग्राहक व्यवहार विभाग देशातील साडेपाचशे केंद्रांवरचे जीवनावश्यक वस्तूंचे किरकोळ दर रोज गोळा करून प्रसिद्ध करतो. तूरडाळ, तेल, कांदा, दूध यांची गावनिहाय तुलना तिथे विनासायास करता येते.

राज्याराज्यांतील किमतींच्या पातळीची तुलना करणारा एक जुना पण उपयुक्त आकडा आहे, आणि तो दारिद्र्यरेषेच्या तक्त्यांत दडलेला आहे. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने नियोजन आयोगाने २०११-१२ साठी काढलेल्या रेषा प्रत्येक राज्यातील किमतींनुसार वेगळ्या होत्या. शहरी भागासाठी ती रेषा महाराष्ट्रात दरमहा दरडोई १,१२६ रुपये, गुजरातेत १,१५२, गोव्यात १,१३४, कर्नाटकात १,०८९, मध्य प्रदेशात ८९७ आणि ओडिशात ८६१ रुपये होती. म्हणजे साधारण तेच राहणीमान मध्य प्रदेशातील शहरात महाराष्ट्रातील शहरापेक्षा सुमारे २० टक्के कमी पैशांत मिळत होते, तर गुजरात आणि गोवा या बाबतीत महाराष्ट्राच्या तोडीस तोड होते. हे आकडे आता जुने आहेत आणि घरभाड्याचे चित्र त्यांत नीट उमटत नाही, तरी राज्यांचा क्रम समजण्यासाठी आजही माझा पहिला भर त्यांच्यावरच असतो.

घरभाड्यासाठी सर्वांत सोपी कसोटी केंद्र सरकारने शहरांचे जे एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग केले आहेत, त्यांची आहे. पन्नास लाखांहून अधिक लोकसंख्येची आठ शहरे एक्स वर्गात आहेत आणि त्यांत मुंबई व पुणे येतात. पाच ते पन्नास लाखांच्या वाय वर्गात महाराष्ट्रातील नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, कोल्हापूर, सांगली, अमरावती, नांदेड, मालेगाव, भिवंडी आणि वसई-विरार आहेत. उरलेली सारी गावे झेड वर्गात मोडतात. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोहोचल्यानंतर, जानेवारी २०२४ पासून, घरभाडे भत्ता या तीन वर्गांसाठी मूळ वेतनाच्या अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के झाला. ५०,००० रुपये मूळ वेतन असलेल्या कर्मचाऱ्याला पुण्यात १५,०००, कोल्हापुरात १०,००० आणि रत्नागिरीत ५,००० रुपये मिळतात. हे वर्ग लोकसंख्येवर ठरलेले असल्यामुळे ते तंतोतंत भाड्याचे मोजमाप नव्हेत, पण पहिली चाळणी म्हणून चांगले काम देतात. माझ्या मते बचत आणि सोयी यांचा सर्वांत चांगला मेळ वाय वर्गात बसतो. झेड वर्गातील गाव निवडायचे असेल, तर ते एखाद्या वाय वर्गातील शहरापासून तासाभराच्या अंतरावर असावे.

घर विकत घेण्याचा विचार असेल, तर महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाचे वार्षिक मूल्यदर तक्ते, म्हणजे आपण ज्याला रेडी रेकनर म्हणतो ते, विभागाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. ते मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेले दर आहेत आणि बाजारभावाशी ते जुळतीलच असे नाही. तरी एकाच शहरातील दोन पेठांची किंवा दोन शहरांतील सारख्या वस्त्यांची तुलना करायला ते पुरेसे आहेत.

गाव स्वस्त का आहे, हे शोधणे

यादी चार-पाच गावांवर आली, की खरा अभ्यास सुरू होतो, आणि त्यात पहिला मान पाण्याचा. मराठवाड्यात घरभाडे कमी आहे हे खरे, पण लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हेही विसरता येत नाही. छत्रपती संभाजीनगर जायकवाडीच्या आणि सोलापूर उजनीच्या पाण्यावर अवलंबून आहे. दोन्ही धरणे मोठी आहेत, तरीही दोन्ही शहरांत नळाला अनेक दिवसांच्या अंतराने पाणी येण्याचा अनुभव नागरिकांना वर्षानुवर्षे आहे. धरण भरले म्हणजे नळाला पाणी आले असे होत नाही; जलवाहिनी, शुद्धीकरण केंद्र आणि शहरातील टाक्या यांची क्षमता मधे येते. म्हणून घर पाहायला गेल्यावर घरमालकाऐवजी शेजारच्या बिऱ्हाडातील बाईंना विचारावे, की पाणी किती दिवसांनी येते, किती वेळ येते, दुसऱ्या मजल्यापर्यंत चढते का, बोअर उन्हाळ्यात आटतो का आणि टँकरला किती पैसे पडतात. उन्हाळ्याचे तीन महिने टँकरवर काढावे लागत असतील, तर तो खर्च बारा महिन्यांवर वाटून भाड्यात मिळवावा आणि मगच तुलना करावी.

पाण्याचा अतिरेकही तितकाच महत्त्वाचा आहे. सांगली आणि कोल्हापूर या दोन्ही शहरांना २०१९ च्या आणि पुन्हा २०२१ च्या पुराने वेढले होते. चिपळूण जुलै २०२१ मध्ये बुडाले. बडोद्यात ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी वस्त्यांत शिरले. या शहरांत राहू नये असे मला मुळीच म्हणायचे नाही. सांगली-मिरज तर राहण्यासाठी मला विशेष आवडणारा टापू आहे. मात्र तिथे घर घेताना २०१९ मध्ये या गल्लीत पाणी कुठवर आले होते, हा प्रश्न किमान तीन वेगवेगळ्या माणसांना विचारावा. पूररेषेतील घराचे भाडे शेजारच्या वस्तीपेक्षा कमी असेल, तर ते का कमी आहे, हे त्या उत्तरातून समजते.

विदर्भात ही जागा उष्म्याची आहे. नागपूर, अकोला, चंद्रपूर या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि कूलर किंवा वातानुकूलन यंत्राशिवाय दुपार काढणे वृद्धांना अशक्य होते. त्यामुळे विजेचे वर्षभराचे बिल मागून पाहावे. फक्त हिवाळ्यातले बिल दाखवले, तर एप्रिल ते जूनचे आवर्जून मागावे. नागपूरच्या बाजूने मोठ्या गोष्टीही आहेत. शहर विस्तीर्ण आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मोठे आहे, मिहान या औद्योगिक भागात एम्स आहे, मेट्रो आहे आणि ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून मुंबईपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला आहे. उन्हाळा सोसण्याची तयारी असेल, तर मोठ्या शहराच्या सोयी इतक्या बेताच्या खर्चात देणारे दुसरे शहर राज्यात मिळणे कठीण.

आजारपणाचा विचार साठी ओलांडलेल्यांनी सर्वांत आधी करावा, इतका तो निर्णायक आहे. केवळ ‘गावात दवाखाने भरपूर आहेत’ या उत्तरावर थांबू नये. हृदयविकाराच्या झटक्यात अँजिओप्लास्टी करणारे केंद्र, मेंदूविकारतज्ज्ञ आणि डायलिसिसची सोय किती मिनिटांवर आहे, रात्री दोन वाजता ती चालू असते का, हे विचारावे. या बाबतीत मिरज फार वरचढ आहे. डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय सुरू केले, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आणि त्यांच्याभोवती खासगी रुग्णालयांचे मोहोळ उभे राहिले. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, त्यामुळे वर्धा हे झेड वर्गातील गाव असूनही वृद्धांना सोयीचे ठरते. याउलट तळकोकणातले घर कितीही रम्य असले, तरी गंभीर आजारात कोल्हापूर किंवा गोव्यातील बांबोळी गाठावे लागण्याचा अनुभव तिथल्या घराघरांत आहे, आणि बांबोळीच्या शासकीय रुग्णालयात २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले आहे.

आरोग्य विमा असेल, तर पॉलिसीची कागदपत्रे पुन्हा वाचावीत. अनेक पॉलिसींत शहरांचे विभाग केलेले असतात आणि लहान शहराच्या दराने हप्ता भरणाऱ्याने मुंबईत उपचार घेतल्यास बिलातला काही वाटा स्वतः सोसावा लागतो. गाव बदलल्यावर हप्ता कमी झाला म्हणून आनंदण्याआधी हे कलम पाहावे. सत्तरी ओलांडलेल्या सर्व नागरिकांना ऑक्टोबर २०२४ पासून, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेतून कुटुंबागणिक वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले आहे. ते देशात बहुतेक ठिकाणी चालते, पण निवडलेल्या गावातील कोणती रुग्णालये त्या योजनेत आहेत, हे आधी पाहून ठेवलेले बरे.

विजेविषयी एक सूचना. शहराच्या कडेला किंवा खेड्यात घर घेताना ते कोणत्या वीजवाहिनीवर (फीडरवर) आहे, हे महावितरणच्या स्थानिक कार्यालयात विचारावे. ज्या वाहिनीवर गळती आणि थकबाकी जास्त, तिथे भारनियमन जास्त, अशी पद्धत राज्यात राहिली आहे. आणि शेतीच्या फीडरवरचे घर आणि गावठाण फीडरवरचे घर यांच्या पुरवठ्यात मोठा फरक असतो. घरून काम करणाऱ्याची रोजीरोटीच यावर अवलंबून असते.

काही ठिकाणी भाडे तात्पुरते चढलेले किंवा उतरलेले असते. नाशिकमध्ये २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या काळात भाड्याच्या घरांना मागणी वाढणे साहजिक आहे. गोव्यात किनारपट्टीलगतचे घरमालक पावसाळ्यात कमी भाडे सांगतात आणि पर्यटनाचा हंगाम सुरू होताच घर रिकामे करून मागतात. गोव्यातच राहायचे असेल, तर डिचोली, साखळी, वाळपई, फोंडा असा आतला भाग पाहावा, नाही तर सीमेअलीकडे बांदा-सावंतवाडीत राहून गोव्याशी संपर्क ठेवावा.

राज्याची सीमा ओलांडायची असेल तर

बेळगाव, इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर या शहरांत मराठी समाज मुरलेला आहे, त्यामुळे तिथे परकेपणा कमी वाटतो. वर दिलेले किमतींचे आकडे पाहता या चौघांत मध्य प्रदेशातील शहरांचे पारडे जड आहे. तरी इंदूर आता पूर्वीइतके स्वस्त राहिलेले नाही, कारण देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून २०१७ पासून सलग नावाजले गेल्यावर आणि शिकवणी वर्गांसाठी बाहेरून विद्यार्थी येऊ लागल्यावर तिथे घरांची मागणी वाढली आहे.

राज्य बदलले, की सवलती बदलतात. महाराष्ट्रात ७५ वर्षांवरील प्रवाशांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे आणि महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट लागते. कर्नाटकात रहिवासी महिलांना जून २०२३ पासून साध्या सरकारी बसचा प्रवास राज्यात मोफत आहे आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंतच्या घरगुती विजेचे बिल माफ होते, ज्याचा लाभ भाडेकरूंनाही मिळतो. बेळगावला जाणाऱ्या दोन माणसांच्या कुटुंबाला हा फरक दरमहा जाणवतो. मात्र अशा सवलती सरकारच्या निर्णयावर टिकून असतात, म्हणून दहा वर्षांचे गणित त्यांच्यावर उभे करू नये.

शाळकरी मुले असतील, तर यापेक्षा कितीतरी मोठा प्रश्न शिक्षणाचा आहे. महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशाच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही परीक्षा सर्वसाधारणपणे महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण व्हाव्या लागतात. सीमाभागातील मराठी भाषक उमेदवारांसाठी काही जागा राखीव असतात. पण त्यांच्या अटी ठरावीक गावांपुरत्या आणि रहिवासाशी बांधलेल्या असल्यामुळे नव्याने गेलेल्या कुटुंबाने त्यांच्यावर विसंबू नये. कर्नाटकातील शाळांत कन्नड हा विषय सक्तीचा आहे आणि आठवीतल्या मुलाला नवी लिपी शिकून ती परीक्षा द्यायला लावणे सोपे नसते. मूल आठवी ते बारावीच्या टप्प्यात असेल, तर त्या काळात राज्य बदलू नये, असेच मी कोणत्याही पालकांना सांगेन.

भाड्याने राहून पाहावे

नवे गाव पसंत पडले, तरी पहिले वर्ष भाड्यानेच काढावे. बहुतेक शहरांत घराच्या किमतीच्या दोन-तीन टक्क्यांइतकेच भाडे वर्षाला मिळते, म्हणजे साठ लाखांच्या घरासाठी महिन्याला दहा ते पंधरा हजार. इतक्या स्वस्तात एखाद्या गावाची पारख होत असताना घाईने खरेदी करण्यात शहाणपण नाही. शक्य असल्यास वर्षभराच्या करारापूर्वीही त्या गावात महिनाभर राहून यावे आणि तो महिना तिथल्या सर्वांत कठीण ऋतूतला असावा : विदर्भात मे, कोकणात जुलै, मराठवाड्यात एप्रिल. दिवाळीच्या सुट्टीत कोणतेही गाव छानच दिसते.

लहान शहरांत चांगली घरे मोबाइलवरच्या ॲपपर्यंत सहसा पोहोचत नाहीत. स्थानिक वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिराती, किराणा दुकानदार, बँकेतले कर्मचारी आणि शिक्षक यांच्याकडून ती कळतात. बदल्यांचा हंगाम मे-जूनमध्ये असतो आणि बदली झालेल्या कर्मचाऱ्यांची बऱ्या अवस्थेतली घरे त्याच सुमारास रिकामी होतात, म्हणून शोधही तेव्हाच घ्यावा. दलालाने सांगितलेले भाडे आणि त्याच इमारतीतला जुना भाडेकरू देत असलेले भाडे, दोन्ही विचारावीत. बाहेरगावच्या माणसाला दर वाढवून सांगितला जातो आणि तो मुंबईच्या तुलनेत कमीच वाटतो, त्यामुळे घासाघीस न करता मान्य केला जातो.

करार नोंदणीकृतच असावा. लहान गावांत नोटरीसमोर केलेल्या कागदावर काम भागवण्याची प्रथा आहे, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी शुल्क शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. या कराराशिवाय आधारवरचा पत्ता आणि गॅसजोडणी बदलतानाही अडचण येते.

पुढे खरेदी करायची झाल्यास गावाकडच्या स्वस्त जमिनीच्या जाहिरातींपासून सावध राहावे. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि बिगरशेती परवाना नसलेल्या जमिनीचे गुंठ्यांनी तुकडे पाडून विकलेले प्लॉट तुकडेबंदीच्या कायद्यात अडकू शकतात. सातबारा उतारा, बिगरशेती आदेश आणि मंजूर रेखांकन हे तीन कागद ओळखीच्या वकिलाने डोळ्यांखालून घातल्याशिवाय बयाणा देऊ नये.

स्थलांतरानंतरच्या कागदपत्रांपैकी बरीच आता सोपी झाली आहेत. निवृत्तिवेतनासाठीचा हयातीचा दाखला ‘जीवन प्रमाण’मधून घरबसल्या देता येतो, शिधापत्रिकेवरचे धान्य देशात कुठेही उचलता येते आणि मतदार यादीतील पत्ता अर्ज क्रमांक ८ भरून बदलता येतो. कटकट उरते ती गाडीची. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात वाहन १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तिथे नव्याने नोंदणी करावी लागते, जुन्या परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला आणावा लागतो आणि नव्या राज्याचा कर भरून जुन्या राज्याकडे परताव्यासाठी अर्ज करावा लागतो. २०२१ मध्ये सुरू झालेली वाहन क्रमांकांची बीएच मालिका यातून सुटका करते, पण ती सरकारी कर्मचाऱ्यांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांतील कर्मचाऱ्यांनाच मिळते. राज्य बदलणाऱ्यांनी ही बारा महिन्यांची मुदतच आपल्या निर्णयाची मुदत मानावी. दहाव्या महिन्यात घरखर्चाची वही पुन्हा उघडून निघण्यापूर्वी मांडलेल्या अंदाजाशी ताडून पाहावी आणि राहायचे की परतायचे, हे ठरवून मगच गाडीची नोंदणी बदलावी. जुने घर स्वतःच्या मालकीचे असेल, तर तोवर ते भाड्याने द्यावे, विकू नये.